नेपियरला युरिया किती, यापेक्षा कोणत्या गुंठ्याला आणि कधी

प्रश्न सांगोल्याकडच्या एका दूध उत्पादक बांधवाचा आहे. तो थोडक्यात आधी मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशावर आहे ते कळेल. एक एकर संकरित नेपियर गवत, सहा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाई. रोज लागेल तेवढं गवत कापायचं आणि महिन्यातून एकदा सगळ्या एकरावर एक पोतं युरिया फोकून पाणी द्यायचं, असं त्यांचं चाललं होतं. शेजाऱ्याचं बघून त्यांनी दोन पोती टाकायला सुरुवात केली. गवत काळसर हिरवं झालं आणि झपाट्यानं वाढू लागलं. पूर्वी पन्नास दिवसांनी कापत होते, ते आता चाळीस दिवसांत कापतात. हिरवं भरपूर झाल्यामुळे गाईला २५ किलोऐवजी ४० किलो द्यायला लागले आणि कडबा पाच किलोवरून एक किलोवर आणला. प्रयोगशाळेच्या अहवालात प्रथिनं १२.४ टक्के आली. एवढं होऊनही दूध वाढलं नाही, फॅट ३.८ वरून ३.४ वर आली आणि शेण पातळ झालं. त्यांचे प्रश्न तीन: युरिया एक पोतं की दोन? प्रथिनं वाढलीच आहेत तर पेंड कमी करू का? आणि जास्त युरियानं वैरण विषारी होते हे खरं का?

दादा, तुम्ही विचारलंय ‘किती’. मला तुमची मोठी अडचण ‘कधी’ आणि ‘कोणत्या गवताला’ ही वाटते. रोज एक गुंठा कापणाऱ्याच्या रानात कालच कापलेलं गवत असतं, गुडघ्याएवढं असतं आणि उद्या गव्हाणीत जाणारंही असतं. तुम्ही एकाच दिवशी सगळ्यावर सारखा युरिया टाकता. कालच कापलेल्या ठोंबाला तो थोडा लवकर मिळतो, वीस दिवसांच्या गवताला वेळेवर मिळतो आणि उद्या-परवा कापायच्या गवताला त्याचा उपयोग करायला सवडच मिळत नाही. दोन पोत्यांनी हाच दोष दुप्पट केला. एक पोतं टाकत होतात तेव्हाही तो होताच, फक्त निभावून जात होता.

आधी नत्र गवतात काय करतं ते बघू. नत्र मिळालं की फुटवे वाढतात, पान रुंद होतं, हरितद्रव्य वाढतं आणि जास्त पान म्हणजे जास्त ऊन पकडणं. सुरुवातीच्या टप्प्यात हा फायदा फार मोठा आहे. पाणी पुरेसं आणि हवा उबदार असेल तर उष्ण प्रदेशातली उंच गवतं १ किलो नत्रामागे साधारण २० ते ४० किलो कोरडा चारा वाढवून देतात. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे पोत्याला सुमारे २१ किलो नत्र. किलोला २५ धरले तरी ५०० किलोच्या वर कोरडा चारा, हिरव्यात जवळपास तीन टन. पोत्याची किंमत २६६ रुपये ५० पैसे. इतक्या स्वस्तात इतकी वैरण देणारं दुसरं काही शेतकऱ्याच्या हातात नाही, त्यामुळे दुसरं पोतं उचलायला हात लगेच पुढे होतो. तुमच्या शेजाऱ्यालाही मी दोष देणार नाही.

पण हा फायदा सरळ रेषेत वाढत जात नाही. एका मर्यादेनंतर चाऱ्याचं वजन वाढायचं थांबतं. नत्र उचलणं मात्र थांबत नाही. गवत ते घेतच राहतं आणि खोडात, पानात साठवतं. रंग आणखी गडद होतो आणि अहवालातला प्रथिनांचा आकडा चढत राहतो. काळसर हिरवा रंग बघून आपण खूश होतो, पण त्या टप्प्यावर तो रंग नवी वैरण तयार झाल्याची खूण नसतो.

ही मर्यादा कुठे येते ते रानावर अवलंबून आहे आणि तुमचं रान मी पाहिलेलं नाही. मुरमाड, उथळ जमिनीत पाण्याबरोबर नत्र खाली निघून जातं, म्हणून तिथे थोडं थोडं आणि वारंवार द्यावं लागतं. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं की तेच नत्र वायू होऊन उडतं. आपल्याकडच्या चुनखडीच्या, आठाच्या आसपास सामू (पीएच) असलेल्या जमिनीत वर फोकलेला युरिया ओलसर मातीवर तसाच पडून राहिला तर त्यातला बराच भाग अमोनिया होऊन हवेत जातो. थंडीत नेपियरची वाढ मंदावते, मग मे महिन्यात पचणारा डोस जानेवारीत पचत नाही. पाण्याचं तर सांगायलाच नको. सांगोल्याच्या उन्हाळ्यात पाळी लांबली की युरिया असून नसल्यासारखा, आणि पुढे सांगतो त्या कारणानं नसलेलाच बरा.

आता तुमच्याच आकड्यांवरून हिशेब मांडू. पूर्वी पन्नास दिवसांत गुंठ्याला सुमारे ३०० किलो निघत होतं, आता चाळीस दिवसांत २५५ किलो निघतं असं तुम्ही लिहिलंय. रोजच्या हिशेबानं हिरवं गुंठ्यामागे ६ किलोवरून ६.४ किलोवर गेलं, म्हणजे वाढलं. पण अहवालात ओलावा ८५ टक्के आहे. म्हणजे २५५ किलोत कोरडा भाग ३८ किलो. पन्नास दिवसांच्या गवतात मी १८ टक्के कोरडा भाग धरतो, नेपियरमध्ये त्या वयाला साधारण तेवढाच सापडतो. म्हणजे ३०० किलोत ५४ किलो. दिवसाला भागलं तर पूर्वी गुंठ्यामागे एक किलोच्या थोडं वर, आता एक किलोच्या थोडं आत. दुसरं पोतं टाकून तुम्ही पाणी वाढवलंत आणि वैरण किंचित घटली.

नत्राचा हिशेब आणखी बोलका आहे. पन्नास दिवसांच्या कापणीत एकरी १२ टन हिरवं, त्यात २१६० किलो कोरडं, प्रथिनं ९ टक्के धरली तर १९४ किलो. प्रथिनांच्या आकड्याला ६.२५ नं भागलं की नत्र येतं, म्हणजे ३१ किलो. आत्ताच्या कापणीत १० टनांच्या आसपास हिरवं, १५०० किलो कोरडं, प्रथिनं १२.४ टक्के. इथे नत्र निघतं सुमारे ३० किलो. म्हणजे रानातून उचललं जाणारं नत्र एका कापणीमागे तेवढंच आहे, फक्त ते कमी वैरणीत दाटलेलं आहे. तुम्ही मात्र महिन्याला ४१ किलो टाकताय, चाळीस दिवसांच्या फेरीला ५५ किलो.

यात गोठा अजून धरलेलाच नाही. सहा गाईंचं शेण रोज सव्वाशे-दीडशे किलो पडतं. ओल्या शेणात नत्र ०.३ ते ०.४ टक्के असतं, म्हणजे दीड महिन्यात केवळ शेणातून सुमारे २० किलो. मूत्रातून जवळपास तेवढंच. दोन्ही मिळून दोन पोती युरियाइतकं नत्र तुमच्या गोठ्यातच तयार होतं. ते सगळं हाताला लागत नाही. उकिरड्यावर, उघड्या गटारात निम्मं उडून जातं आणि शेणातलं नत्र पिकाला सावकाश मिळतं. तरी गोठा धुतलेलं पाणी आणि स्लरी ज्या कडेनं रानात जाते, तिथल्या गुंठ्यांना आणि वरच्या कोपऱ्यातल्या गुंठ्यांना सारखा युरिया देण्यात अर्थ नाही.

आणि पालाश, म्हणजे पोटॅश! नेपियरच्या कोरड्या भागात पालाश दीड ते दोन टक्के किंवा त्याहून जास्त असतं. २१६० किलो कोरड्या चाऱ्याबरोबर एका कापणीला ३० ते ४० किलो पालाश रानाबाहेर जातं. युरियाची पोती मोजणारा शेतकरी पालाश वर्षानुवर्षं टाकत नाही, मग तीन-चार वर्षांत ठोंब बारीक होतात, मधूनच मरतात आणि दोष वाणाला दिला जातो. फुले जयवंत असो, डीएचएन-६ असो की को-५, कुठलाच वाण पालाश मातीशिवाय दुसरीकडून आणत नाही. काळ्या जमिनीत ते मुळात बरं असतं, पण माती परीक्षण करून खात्री करा. निम्मं शेणखत नेपियरला परत गेलंच पाहिजे.

आता दूध का वाढलं नाही, त्याकडे येतो. माझ्या मते खरं उत्तर इथे आहे.

एका गाईचं पोट मोजू. पूर्वी २५ किलो हिरवं म्हणजे साडेचार किलो कोरडं, पाच किलो कडब्यातून आणखी साडेचार, आणि तुमचा सहा किलो खुराक म्हणजे सुमारे ५.४ किलो. एकूण १४.४ किलो. साडेचारशे किलोच्या दुभत्या गाईला हे चांगलं खाणं आहे. आता ४० किलो हिरवं म्हणजे सहा किलो कोरडं, एक किलो कडब्याचे ०.९, खुराक तेवढाच. एकूण १२.३ किलो. गव्हाण हिरव्यानं भरलेली दिसते, पण गाईच्या पोटात रोज दोन किलो कोरडा चारा कमी जातोय. आणि जो कमी झाला तो नेमका कडबा, म्हणजे चावून रवंथ करायला लावणारा भाग.

फॅट कुठून येते ते लक्षात घ्या. रवंथ नीट झालं, लाळ सुटली, कोठीपोटातली, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातली, आम्लता ताब्यात राहिली आणि तंतूंपासून अ‍ॅसिटिक आम्ल तयार झालं की दुधात फॅट येते. कोवळं, पाणचट गवत आणि वर सहा किलो खुराक मिळाला की रवंथ कमी होतं, शेण पातळ होतं आणि फॅट उतरते. तुमची ३.४ फॅट ही युरियानं थेट केलेली नाही. युरियानं हिरवं वाढलं, हिरव्यानं कडबा बाजूला सारला आणि कडबा गेल्यानं फॅट गेली. दर ३.५ फॅटवर ठरत असताना हे दुखणं छोटं नाही.

प्रथिनांचं बघा. पूर्वी गवतातून ४०५ ग्रॅम आणि कडब्यातून १८० ग्रॅमच्या आसपास, मिळून ५८५ ग्रॅम. आता गवतातून ७४४ आणि कडब्यातून ३५-४०, मिळून ७८० ग्रॅम. कागदावर जवळपास २०० ग्रॅम प्रथिनं जास्त, आणि एक लिटर दुधाला ८०-९० ग्रॅम प्रथिनं लागतात. मग दोन लिटर दूध वाढायला हवं होतं. वाढलं नाही, कारण अहवालातला आकडा म्हणजे प्रथिनं नव्हेत. प्रयोगशाळा नत्र मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. त्या नत्रातलं काही खऱ्या प्रथिनात असतं, काही अमिनो आम्लं, अमाइडं असल्या सुट्या रूपात असतं. युरिया जास्त पडला आणि गवत कोवळं असलं की सुट्या नत्राचा वाटा वाढतो.

सुटं नत्र गाईला अगदीच निरुपयोगी नाही. कोठीपोटातले जिवाणू अमोनियापासून स्वतःचं प्रथिन बनवतात आणि तेच पुढे गाय पचवते. रवंथ करणाऱ्या जनावराचं हे मोठं सामर्थ्य आहे. पण जिवाणूंना त्याच वेळी ऊर्जा लागते, म्हणजे साखर, पिष्टमय पदार्थ, पचणारे तंतू. नत्र वाढवलं की गवतातली विद्राव्य साखर उलट घटते, कारण ती वाढीत खर्च होते. तुमच्या गाईच्या कोठीपोटात अमोनिया जास्त आणि ऊर्जा कमी अशी स्थिती आहे. उरलेला अमोनिया रक्तातून यकृताकडे जातो, तिथे त्याचा युरिया बनतो आणि तो मूत्रातून, काही दुधातून बाहेर पडतो. या कामातही गाईची ऊर्जा जाते. तुमच्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत दुधातलं युरिया नत्र तपासण्याची सोय असेल तर अवश्य तपासून घ्या. शंभर मिलिलिटरला साधारण १० ते १६ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. सातत्यानं १८-२० च्या वर असेल तर तुम्ही नत्र वाया घालवताय, आणि अशा कळपात गाई उलटण्याचं, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येण्याचं, प्रमाणही वाढलेलं दिसतं.

म्हणून पेंडीबद्दल माझं उत्तर असं. आज आहे त्या स्थितीत पेंड नुसती कमी करू नका, त्यानं ऊर्जा आणखी घटेल. आधी कडबा परत पाच किलोवर न्या आणि गवत २५ ते २८ किलोवर आणा. मग खुराकातली अर्धा ते एक किलो सरकी पेंड काढून तेवढाच मक्याचा भरडा घाला. हा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा, एका दिवसात नको. शेण घट्ट झालं आणि बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसल्या की दिशा बरोबर आहे असं समजा. नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं, ते कोवळ्या गवतात जास्त असतं आणि कॅल्शियम अडवून ठेवतं, त्यामुळे खनिज मिश्रण बंद असेल तर तेही सुरू करा.

आता विषबाधेचा प्रश्न. हो, खरं आहे, आणि ते मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. गवत मुळातून नत्र बहुतेक नायट्रेटच्या रूपात उचलतं आणि उन्हाच्या जोरावर पानात त्याचं प्रथिनात रूपांतर करतं. उचलणं चालू आणि रूपांतर बंद, अशी वेळ आली की नायट्रेट साठतं. चार-चार दिवस ढगाळ हवा, थंडी, पाण्याचा ताण, ताणानंतर पडलेला पहिला पाऊस आणि कापणीच्या तोंडावर दिलेला युरिया ही त्याची कारणं. यांतली दोन एकत्र आली की काळजी घ्यायची. तुमच्याकडे शेवटचं कारण दर महिन्याला तुम्ही स्वतः तयार करता, पावसाळ्यात ढग त्याला साथ देतात.

नायट्रेट कोठीपोटात आधी नायट्राइट होतं, मग अमोनिया. हळूहळू आलं तर जिवाणू निभावून नेतात. एकदम जास्त आलं की नायट्राइट रक्तात उतरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. गाय धापा टाकते, झोकांड्या देते, डोळ्यांची आणि हिरड्यांची त्वचा तपकिरी-निळसर दिसते, रक्त चॉकलेटी होतं. काही तासांत जनावर दगावू शकतं, आणि वाचलेली गाभण गाय पुढच्या दिवसांत गाभडू शकते. यावर मिथिलिन ब्ल्यू शिरेतून देतात, ते काम पशुवैद्यकाचंच. तुम्ही करायचं ते एवढंच की ती वैरण तिथल्या तिथे बंद करायची, जनावराला पळवायचं-दमवायचं नाही आणि डॉक्टरांना फोन करताना ‘युरिया टाकलेलं गवत खाल्लंय’ हे आधी सांगायचं.

कोरड्या चाऱ्यात नायट्रेट ०.५ टक्क्याच्या आत असेल तर काळजी नसते. १ टक्क्याच्या वर गेलेली वैरण मी दुभत्या-गाभण गाईपुढे टाकू देत नाही. मधल्या पट्ट्यात ती निम्मी करून कडब्यात मिसळायची आणि भुकेल्या जनावराला पहिल्यांदा तीच द्यायची नाही. ही तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. प्रथिनं मोजायच्या नेहमीच्या केल्डाल पद्धतीत नायट्रेट पूर्ण पकडलं जात नाही, म्हणून १२.४ टक्क्यांवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. नायट्रेट खोडाच्या बुडाकडे सगळ्यात जास्त असतं, त्यामुळे शंका असताना बुडखा वीतभर उंच सोडून कापणं हा हातातला उपाय आहे. वाळवून नायट्रेट जात नाही. मूरघासात, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या वैरणीत, आंबताना ते बरंच कमी होतं, मात्र अशा चाऱ्याचा खड्डा किंवा बॅग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उघडून तोंड आत घालू नये, तपकिरी-पिवळसर विषारी वायू निघू शकतो.

ज्वारीची वैरण करत असाल तर तिथे आणखी एक धोका असतो. कोवळ्या ज्वारीत, खोडव्याच्या फुटव्यात हायड्रोसायनिक आम्लाची बाधा होते, ज्याला आपल्याकडे किराळ लागणं म्हणतात, आणि जास्त नत्र तिलाही वाढवतं. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी घालू नका. नेपियरला ही भीती ज्वारीसारखी नाही.

आता तुमच्या एका एकरात मी काय केलं असतं ते सांगतो. वर्षभर एकच आकडा चालणार नाही, म्हणून कारणासकट सांगतो.

महिन्यातून एकदा सगळीकडे फोकणं बंद. आठवड्यातून एक वार ठरवा, समजा रविवार. त्या आठवड्यात कापलेल्या गुंठ्यांना पहिला हप्ता आणि दोन आठवड्यांपूर्वी कापलेल्या पट्ट्याला दुसरा हप्ता. बाकी रानाला हात लावायचा नाही. पहिला हप्ता कापल्या दिवशी नको, कारण पहिले काही दिवस ठोंब स्वतःच्या साठ्यावर फुटतो आणि मुळं फारसं उचलत नाहीत. कोंब बोट-दोन बोटं आले की द्यायचा, आठवड्याच्या फेरीत ते आपोआप जमतं. प्रत्येक हप्त्याला गुंठ्याला साधारण ५५० ग्रॅम युरिया, म्हणजे पूर्ण फेरीला एकरी एक पोतं. स्लरीचं पाणी जाणाऱ्या गुंठ्यांना यातला दुसरा हप्ता देऊ नका. कापणीआधीच्या तीन आठवड्यांत काहीच नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची, बाकीचं थोडं मागेपुढे झालं तरी चालेल.

युरिया फोकण्याऐवजी ठोंबाच्या बुडाशी, शक्यतो कुदळीनं मातीआड करा आणि त्याच दिवशी पाणी द्या. ठिबक असेल तर उत्तमच, मग तोच डोस चार भागांत विरघळवून सोडता येतो. पाटपाणी असेल तर युरियाचं पाणी पाटाच्या टोकाला साचून जनावरं पितात का, तेवढं बघा. मोकळ्या पोत्याला चाटूनही जनावरं दगावतात. डिसेंबर-जानेवारीत डोस निम्मा करा. उन्हाळ्यात पाळी चुकणार हे दिसत असेल तर तो हप्ता सोडून द्या.

कापणी ४५ ते ५० दिवसांवर परत न्या. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नत्र गवताला लवकर मोठं करतं, म्हणजे ते जूनही लवकर होतं. म्हणून डोस वाढवून कापणी ६५-७० दिवसांवर नेली तर वाढलेलं वजन सगळं खोडात जातं, प्रथिनं ६-७ टक्क्यांवर येतात आणि गाय जाड कांडी उष्टावळीत टाकते. डोस वाढवून ३५-४० दिवसांत कापलं तर तुम्हाला आत्ता मिळतंय ते मिळतं. दोन्हीच्या मधे वैरणीचं वजन आणि पोषण यांचा मेळ बसतो. प्रथिनांच्या टक्केवारीवर युरियापेक्षा कापणीच्या वयाचा हात मोठा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

असं केलंत तर रानात जागा उरेल. सहा गाईंना २८ किलोप्रमाणे, उष्टावळ धरून दिवसाला १८५ किलो लागतील. गुंठ्याला ३०० किलो धरले तर ४८ दिवसांच्या फेरीला ३० गुंठे पुरतात. उरलेल्या १० गुंठ्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरला लसूणघास टाका. पाणी कमी पडत असेल तर दशरथ घास. लसूणघासात १८ ते २० टक्के प्रथिनं असतात आणि नत्र ते हवेतून स्वतः मिळवतं, पेरताना थोडा नत्राचा हात दिला की पुढे युरियाची गरज नाही. प्रथिनांसाठी पेंड कमी करायची तुमची इच्छा या वाटेनं जास्त खात्रीनं पुरी होईल. गाईला आठ-दहा किलो, आणि उपाशीपोटी एकटं लसूणघास नाही, पोटफुगी होते. पावसाळ्यात नेपियर अंगावर येईल तेव्हा जादाचं कापून मूरघास करा, उगाच वाढवून जून करू नका.

आणि माझ्या आकड्यांवर विसंबू नका, स्वतःच्या रानात बघा. एकाच दिवशी कापलेले तीन सारखे पट्टे निवडा, स्लरीच्या पाण्यापासून लांब. एकाला युरिया नाही, एकाला गुंठ्याला एकूण ११०० ग्रॅम, एकाला एकूण २२०० ग्रॅम, दोन्ही डोस दोन हप्त्यांत. ४८ व्या दिवशी तिन्ही कापून वजन करा. प्रत्येकातली एक किलो कुट्टी बारीक पसरून कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि परत वजन करा. त्यात थोडा ओलावा राहतो, पण तिन्हींत सारखाच, तुलना करायला तेवढं पुरेसं आहे. हिरव्या वजनाला या कोरड्या प्रमाणानं गुणा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यातल्या कोरड्या वजनाचा फरक गुंठ्यामागे दोन-तीन किलोच्या आत असेल तर तुमच्या जमिनीला दुसरं पोतं नको. पहिल्या आणि दुसऱ्यातच फरक नसेल, तर तुमचं शेणखत आणि स्लरी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त काम करतायत आणि तो डोसही अर्ध्यावर आणता येईल. ही तपासणी एकदा पावसाळ्यात आणि एकदा थंडीत करा, उत्तरं वेगळी येतील.

गाभण गाई कोणत्या आणि किती महिन्यांच्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही. महिन्याच्या फोकणीला तीन आठवडे झाले नसतील, तर आजपासून तेवढे दिवस भरेपर्यंत त्यांना नेपियर निम्मं करून कडबा जास्त द्या, आणि सकाळी पहिल्यांदा कडबाच टाका.